प्रोस्टेटनंतरची गळती : पट्टी, पंप की आणखी थोडी वाट?

मागच्या अंकात प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक ओळ होती : 'ऑपरेशननंतर काहींची लघवी गळत राहते, त्यावरही इलाज आहे.' बाकी सगळा लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती या ओळीवर. बहुतेकांनी नाव छापू नका असं बजावलंय, त्यामुळे खाली फक्त गावं आहेत. दोघांनी लिहिलंय, 'मॅडम, तुमच्या दवाखान्यात येऊन हे बोलायला लाज वाटते, पत्रात बरं पडतं.' हरकत नाही. पण ठाण्यात आणि वाशीत पुरुष युरॉलॉजिस्ट भरपूर आहेत. माझ्याकडे नका येऊ, पण कुणाकडे तरी जा.

माझं वय 66. पाच महिन्यांपूर्वी रोबोटिक ऑपरेशन करून प्रोस्टेट काढली. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) जवळजवळ शून्य आहे, सर्जन खूश आहेत. पण खुर्चीतून उठलो, शिंकलो, भाजीची पिशवी उचलली की गळतं. दिवसाला तीन पॅड लागतात. रात्री मात्र कोरडा असतो. उपवनला फिरायला येणारे एक गृहस्थ म्हणाले, वाट कसली बघताय, वॉल्व्ह बसवून टाका. बसवू का? (वर्तकनगर, ठाणे)

एवढ्यात नको. (ते 'वॉल्व्ह' म्हणतात तो कृत्रिम स्फिंक्टर, त्याविषयी पुढच्या पत्रात.) 'रात्री कोरडा असतो' हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी एक स्नायू असतो, तो आपल्या नकळत लघवी धरून ठेवतो. प्रोस्टेट काढताना तो तिच्याबरोबर जातो. उरतो तो त्याच्या खालचा, बाहेरचा स्फिंक्टर. जन्मभर त्याने जोडीने काम केलं, आता सगळा भार एकट्यावर आला. त्यात ऑपरेशनमध्ये त्याच्या आसपासच्या नसा थोड्याफार दुखावलेल्या असतात. आडवं झोपलं की त्याच्यावरचा दाब कमी होतो, म्हणून रात्र कोरडी जाते. दिवसभर उभं राहून तो दमतो, म्हणून संध्याकाळी गळती वाढते. तुमचंही तसंच होत असणार. ज्याची रात्र कोरडी त्याच्या स्फिंक्टरमध्ये जीव आहे, असं आम्ही धरतो. असा स्नायू सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा सुधारत राहतो.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की व्यायाम करूनही त्रास फार असेल आणि सुधारणा थांबली असेल, तर सहा महिन्यांनंतर ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही. वर्षभराने तर तो पर्याय रुग्णापुढे ठेवायलाच हवा. तुमचे पाचच महिने झालेत. आता बघायचं ते एवढंच, की पहिल्या महिन्यापेक्षा आज कमी गळतं का?

ते मोजायचं कसं? पॅडच्या संख्येवर मी विश्वास ठेवत नाही. कुणी दोन थेंबांवर पॅड बदलतो, कुणी लोंबायला लागेपर्यंत ठेवतो. डिजिटल वजनकाटा आणा (स्वयंपाकघरातला नको, घरात भांडण नको). कोऱ्या पॅडचं वजन लिहून ठेवा. मग एका पूर्ण दिवसाचे, म्हणजे चोवीस तासांचे वापरलेले पॅड पिशवीत बांधून वजन करा आणि कोऱ्या पॅडांचं वजन त्यातून वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. दिवसाला शंभर ग्रॅमच्या आत असेल तर गळती सौम्य, चारशेच्या वर असेल तर भारी. महिन्यातून एकदा हे करून वहीत लिहा. आकडा उतरत असेल तर उपवनच्या गृहस्थांना नमस्कार करून पुढे चालायला लागा.

व्यायाम करता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'करतो' म्हणणारे अनेक जण पोट आत घेतात, नितंब आवळतात आणि श्वास कोंडतात. त्यातलं काहीच नको. आरशासमोर कपडे काढून उभे राहा. वायू अडवताना आवळतो तो भाग आवळा आणि त्याच वेळी लघवी तोडल्यासारखं करा. लिंग किंचित आत ओढलं गेलं आणि वृषणं वर उचलली गेली, तर बरोबर जमलं. पाच ते दहा सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा तरी उभ्याने. उठण्याआधी, शिंकण्याआधी, पिशवी उचलण्याआधी एकदा आवळायची सवय लावा. रोजच्या रोज लघवी मध्येच तोडून सराव मात्र करू नका. 1948 मध्ये डॉ. अर्नोल्ड केगल यांनी हा व्यायाम मांडला तो बाळंतिणींसाठी. हे सांगितलं की पुरुषमंडळी हसतात आणि घरी जाऊन करत नाहीत. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलंत तर उत्तम.

डॉक्टर, मिस्टरांना न सांगता हे पत्र लिहिते आहे. त्यांचं वय 71. अडीच वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढे पीएसए वाढायला लागला म्हणून रेडिएशनचे शेक दिले. कॅन्सर आता आटोक्यात आहे म्हणतात, पण लघवीवर अजिबात ताबा नाही. दिवसाला पाच-सहा डायपर लागतात. पूर्वी एक नाटक सोडत नसत, आता वाशीपर्यंतसुद्धा यायला तयार नसतात. पाणी पिणंही जवळजवळ बंद केलंय. एकाने इंजेक्शन सांगितलं, एकाने पट्टी सांगितली, सर्जन म्हणाले मशीन बसवू. खर्च किती, खात्री किती? आणि या वयात पुन्हा ऑपरेशन झेपेल का? (नेरूळ)

वहिनी, आधी पाण्याचं. पाणी तोडून गळती थांबत नाही. लघवी गडद होते, झोंबते, मूत्राशय जास्तच घाई करायला लागतं, जंतुसंसर्ग होतो. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच, आणि मग कुंथताना आणखी गळतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी त्यांच्या पोटात गेलंच पाहिजे. कमी करायचाच असेल तर चहा करा.

आता उपाय. तुम्ही तीन लिहिलेत, त्यातले दोन मी लगेच बाजूला ठेवते. इंजेक्शन म्हणजे मूत्रमार्गाच्या अस्तराखाली फुगवटा येईल असा पदार्थ भरणं. प्रोस्टेट काढलेल्या पुरुषांत त्याचा उपयोग थोडा आणि तोही काही दिवसांचा. पूर्ण बरं झालेला माणूस विरळाच. पट्टी, म्हणजे स्लिंग, चांगली असते, पण ती सौम्य ते मध्यम गळतीसाठी आणि शेक न घेतलेल्यांसाठी. शेकानंतर ऊती ताठर होतात, पट्टीने मूत्रमार्ग हवा तसा हलत नाही. तुमच्या मिस्टरांची गळती भारी आहे आणि रेडिएशन झालेलं आहे. त्यामुळे सर्जन म्हणतात तेच बरोबर : कृत्रिम स्फिंक्टर.

मशीन म्हटलं की बॅटरी, वायर असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. यात तसलं काहीच नाही. तीन भाग असतात. एक पट्टा, रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसाच, पण मूत्रमार्गाला वेढा घालेल एवढा लहान. दुसरा, ओटीपोटात ठेवलेला छोटा फुगा. तिसरा, वृषणांच्या पिशवीत कातडीखाली ठेवलेला पंप. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले, आत सलाईन. एरवी पट्टा भरलेला असतो आणि मूत्रमार्ग दाबून ठेवतो. लघवीला जायचं झालं की संडासात उभं राहून पंप दोन-तीनदा दाबायचा. पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं, मूत्रमार्ग मोकळा होतो, लघवी होते. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. बंद करायला काहीच करावं लागत नाही. फुग्यातला दाब बहुधा 61 ते 70 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका निवडतात. तेवढ्याने लघवी अडते आणि मूत्रमार्गाचा रक्तपुरवठाही तुटत नाही. सगळी करामत या दाबात आहे. 1972 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी असं पहिलं यंत्र बसवलं. जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं एएमएस 800 हे त्याचं रूप 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे. इतकी वर्षं टिकलेलं डिझाइन आमच्या शाखेत फारसं सापडत नाही.

ऑपरेशन तास-दीड तासाचं. वृषणांच्या पिशवीमागे एक छेद आणि ओटीपोटावर एक लहान छेद. लघवीची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. 71 हे वय त्यासाठी जास्त नाही. हृदय, फुप्फुसं ठीक असली की झालं. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नंतर घरात रडारड होते : यंत्र लगेच चालू करत नाहीत. सूज उतरून जखम भरायला सुमारे सहा आठवडे जातात. तोपर्यंत पट्टा उघडा ठेवलेला असतो आणि गळती आधीसारखीच चालू राहते. 'एवढे पैसे घालून काही उपयोग झाला नाही' असा फोन हमखास याच काळात येतो.

खात्रीचं विचारलंत. ब्रिटनमध्ये 'मास्टर' नावाचा अभ्यास झाला, त्याचे निकाल 2021 मध्ये आले. 380 पुरुषांपैकी कुणाला पट्टी, कुणाला कृत्रिम स्फिंक्टर हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. वर्षाने त्यांना विचारलं, अजून थोडंसुद्धा गळतं का? दोन्ही गटांत दहातले आठ-नऊ जण 'हो' म्हणाले. एवढंच वाचलं तर वाटेल, मग कापून घ्यायचं कशाला? पण त्याच माणसांच्या त्रासाचा गुणांक निम्म्याच्या आसपास उतरला होता आणि बहुतेक जण समाधानी होते, स्फिंक्टरवाले पट्टीवाल्यांपेक्षा थोडे जास्तच. म्हणून मी 'पूर्ण कोरडे व्हाल' असं कुणालाही सांगत नाही. दिवसाला एखादा पातळ पॅड, तोही खबरदारी म्हणून, एवढी अपेक्षा ठेवा. डायपरची पिशवी घेऊन फिरणारा माणूस तिथपर्यंत आला तर नाटकाचे तीन अंक सुखाने बघतो.

धोकेही ऐकून ठेवा. जंतुसंसर्ग झाला किंवा पट्ट्याने मूत्रमार्गाची भिंत झिजून तो आत घुसला, तर सगळं यंत्र काढावं लागतं आणि पुन्हा बसवण्याआधी काही महिने थांबावं लागतं. शेक घेतलेल्यांत हा धोका इतरांपेक्षा जास्त. शिवाय यंत्र झिजतं. पाच वर्षांत चौघांतल्या एकाला आणि दहा वर्षांत निम्म्या लोकांना दुरुस्तीचं किंवा बदलण्याचं ऑपरेशन लागतं. तारीख ठरवण्याआधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) बघा. दुर्बिणीने आत पाहून घ्या, कारण मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडलाय तिथे सांधा आवळलेला असेल तर तो आधी मोकळा करून काही काळ स्थिर राहतो का ते पाहावं लागतं. शेकाने मूत्राशयच आखडलं नाही ना, यासाठी युरोडायनॅमिक (मूत्राशयातला दाब मोजण्याची) तपासणीही त्यांच्या बाबतीत मी करूनच घेईन. मूत्राशय आकुंचन पावून जोराने ढकलत असेल तर बाहेर कितीही चांगला पट्टा बांधा, निभाव लागणार नाही.

यंत्र परदेशी बनावटीचं आहे, नुसत्या यंत्राचीच किंमत काही लाखांत जाते. हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि विमा कंपनीकडून ऑपरेशनपूर्वी लेखी मंजुरी घ्या. 'कॅन्सरच्या उपचारानंतर उद्भवलेली गळती' असं सर्जनच्या पत्रात स्पष्ट असू द्या आणि रोपण केलेल्या यंत्राच्या रकमेवर पॉलिसीत मर्यादा आहे का ते बघा. सर्जनना विचारा, 'वर्षाला अशी किती करता?' या प्रश्नाचा राग येणाऱ्या सर्जनकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

शेवटचं म्हणजे हात. पंप शोधून, धरून दाबता आला पाहिजे. माझ्या टेबलावर नमुन्याचा पंप असतो, तो रुग्णाच्या हातात देते. बोटं फार थरथरत असतील, संधिवाताने वळत नसतील किंवा विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर हे यंत्र म्हणजे नवीन संकट. तुमच्या मिस्टरांना शर्टाचं गळ्याजवळचं बटण स्वतः लावता येतं का, ते बघा. आणि हे पत्र त्यांना दाखवा, वहिनी. पंप त्यांनाच दाबायचा आहे.

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये व्यापारी आहे. वय 61. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटचं कॅन्सरचं ऑपरेशन, शेक नाहीत. व्यायाम मनापासून केले. तुमच्यासारख्याच एका डॉक्टरांनी पॅडचं वजन करायला लावलं, दिवसाला 150 ग्रॅमच्या आसपास येतं. ते पट्टी टाकू म्हणतात. मला दिवसभर गादीवर मांडी घालून बसावं लागतं, गावी संडास भारतीय पद्धतीचा आहे, स्कूटर चालवतो. पट्टी सुटली तर? (कोपरखैरणे)

तुम्ही पट्टीसाठी अगदी योग्य उमेदवार आहात. मध्यम गळती, शेक नाहीत, वर्ष उलटून गेलंय. पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची ही पट्टी मूत्रमार्गाच्या कंदाखालून (मुळाकडच्या फुगीर भागाखालून) नेऊन दोन्ही जांघांतून बाहेर काढतात आणि त्याला थोडं वर, आत उचलून धरतात. तुमचाच स्फिंक्टर मग नीट पकड घेतो. दाबायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. म्हणूनच स्फिंक्टरमध्ये थोडीफार ताकद शिल्लक असावी लागते. डॉक्टर दुर्बिणीने बघताना तुम्हाला आवळायला सांगतील ते त्यासाठी.

पट्टी सुटण्याची तुमची भीती खरी आहे, पण ती सुरुवातीच्या आठवड्यांपुरती. जाळीत ऊती भरून ती पक्की बसेपर्यंत ताण आला तर पट्टी सरकते आणि ऑपरेशन फुकट जातं. पाश्चात्त्य पुस्तकांत 'वजन उचलू नका, पाय फार फाकवू नका' असं लिहिलेलं असतं. मांडी आणि उकिडवं बसणं त्यांच्या डोक्यात नसतं, म्हणून ते मी वेगळं सांगते. किमान सहा आठवडे मांडी नाही, उकिडवं नाही, भारतीय संडास नाही, स्कूटर नाही, पाच किलोच्या वर ओझं नाही. गादीवर खुर्ची टाकून बसा, लोक काय म्हणायचं ते म्हणतील. गावी जाणं पुढे ढकला किंवा कमोडची खुर्ची घेऊन जा. मिरचीच्या धुळीने शिंका येतात ना? तेवढे दिवस दुकान मुलावर सोपवा. जोराची शिंक टाक्यांना आणि पट्टीला मानवत नाही. खोकला असेल तर तो आधी बरा करा, मगच तारीख घ्या.

ऑपरेशननंतर काहींची लघवी उलट अडते. काही दिवस नळी ठेवली की बहुधा सुटते. मांडीच्या आतल्या बाजूला दुखणं, बधिरपणा येऊ शकतो, तोही हळूहळू जातो. पट्टीने पुरेसा फरक पडला नाही तर पुढे कृत्रिम स्फिंक्टर बसवता येतो, हा रस्ता बंद होत नाही.

दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडली, कॅन्सर नव्हता. सात आठवडे झाले. लघवीची भावना झाली की बाथरूमपर्यंत पोहोचत नाही, वाटेतच होते. खोकल्यावर गळत नाही. लोकलने ठाण्याहून पनवेलला कामावर जातो, गाडीत संडास नाही, फार हाल होतात. मलाही ऑपरेशन लागेल का? (कळवा)

बहुधा नाही. तुमची गळती वेगळ्या जातीची आहे. खोकल्यावर गळत नाही म्हणजे स्फिंक्टर शाबूत आहे. घाई मूत्राशयाला झालीये. अडथळ्याविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावून ते दांडगट झालेलं असतं, शिवाय खरवडलेली जागा अजून कच्ची आहे. दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणांचं शांत होतं. खरवडल्यानंतर स्फिंक्टर कायमचा दुखावला जाणं क्वचित, शंभरात एखाद्याला. पट्टी किंवा पंप या घाईवर लागू पडत नाहीत.

मात्र लघवीची तपासणी करून घ्या आणि सोनोग्राफीत लघवी केल्यावर किती शिल्लक राहते ते बघा. भरलेलं मूत्राशय वरून सांडत असेल तर उपचार अगदी उलटे. दोन्ही ठीक असेल तर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या असतात, मिराबेग्रॉन, सॉलिफेनासिन वगैरे. पहिलीच्या वेळी रक्तदाब बघावा लागतो, दुसरीने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणून मनाने घेऊ नका. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू आहे का? ती साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि लघवी वाढवते. अनेकांची 'प्रोस्टेटची तक्रार' निम्मी तिथेच निघते.

पॅड तीन-चार लागतात, ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनी आहे. मधेच भाचीचं लग्न आहे, साताऱ्याला. सोवळं नेसून बसायचं आहे. काय करू? (खारघर)

लिंगाला बाहेरून लावायची चिमटी मिळते, तेवढ्या दोन-तीन तासांपुरती ती वापरा. दर दोन तासांनी सोडून लघवी करा, रात्री झोपताना कधीच लावू नका, आणि संवेदना कमी असलेल्या मधुमेह्यांनी वापरूच नये. प्रवासात कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवायचं, नळी जोडलेलं) आणि मांडीला बांधायची पिशवी चांगली. घरी एकदा रंगीत तालीम करून बघा. वापरलेले पॅड ठेवायला काळ्या पिशव्या जवळ असू द्या, कारण आपल्याकडे पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याची बादली हा प्रकारच नसतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने त्यासाठी मोहीम चालवली. आपल्या महापालिकांना हे कुणीतरी कळवायला हवं. कार्यालयातल्या बायका बादली मागून घेतात, तुम्हीही मागा.

दिवसभर कोरडा असतो, पण पत्नीजवळ असताना त्या क्षणी लघवी येते. शरमेने सगळं बंद केलंय. हे कुणाला विचारायचं? (नाव-गाव नको)

विचारलंत, बरं केलंत. प्रोस्टेट काढलेल्या बऱ्याच पुरुषांना हे होतं आणि जवळजवळ कुणी बोलत नाही. त्या वेळची थोडी लघवी पत्नीला अपायकारक नसते. आधी लघवी करून या, कंडोम वापरा, किंवा लिंगाच्या मुळाशी बसणारी सैलसर कडी अर्ध्या तासापुरती वापरता येते. बऱ्याच जणांचं वर्षभरात आपोआप कमी होतं. नाही झालं आणि फारच मनाला लागलं तर पट्टीने याही तक्रारीत फरक पडतो. पत्नीला सांगा. तिला कारण माहीत नसेल तर ती भलतंच काहीतरी समजून बसली असेल.

वडील 80 वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपूर्वी कृत्रिम स्फिंक्टर बसवला, उत्तम चाललाय. आता जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. तिथले डॉक्टर म्हणाले, भूल दिल्यावर लघवीची नळी घालू. वडील म्हणतात, मला नळी घातली तर मी टेबलावरून उठून जाईन. मागे एका नर्सिंग होममध्ये तापासाठी नेलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा करून नळी थांबवली होती. म्हाताऱ्याचा हट्ट समजायचा का? (घोडबंदर रोड, ठाणे)

हट्ट नाही. नर्सिंग होममध्ये त्यांनी स्वतःचं यंत्र वाचवलं. बंद पट्ट्यातून नळी रेटली तर मूत्रमार्ग फाटतो किंवा पुढे पट्टा आत घुसतो, आणि मग नऊ वर्षं नीट चाललेलं यंत्र काढावं लागतं. नळी घालायचीच असेल तर आधी पट्टा उघडून, पंपावरचं छोटं बटण दाबून यंत्र 'बंद' करावं लागतं, म्हणजे पट्टा उघडाच राहतो. मग बारीक, 12 किंवा 14 नंबरची, भरपूर जेली लावलेली नळी घालायची आणि शक्य तितक्या लवकर काढायची. हे काम युरॉलॉजिस्टने करावं. हर्नियाचं ऑपरेशन छोटं असेल तर नळीची गरजच पडत नाही, हेही भूलतज्ज्ञांना विचारा. वडील शुद्धीवर नसताना त्यांच्या वतीने बोलायला तुम्ही तिथे असणार, म्हणून हे तुम्हाला पाठ हवं. नळी काढल्यावर यंत्र पुन्हा चालू झालंय ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

एमआरआय सांगितला तर घाबरू नका. एएमएस 800 असेल तर ठरावीक अटींवर तो करता येतो, यंत्राचं कार्ड दाखवा. ऑपरेशननंतर वृषणांची पिशवी लाल होणं, दुखणं, लघवीतून रक्त येणं किंवा अचानक पुन्हा गळायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी युरॉलॉजिस्टला दाखवा. नऊ वर्षांचं यंत्र आहे, गळती फक्त झिजेमुळेही सुरू होऊ शकते, पण ते ठरवू दे त्यांना.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही : हर्निया कोणत्या बाजूला आहे? यंत्राचा फुगा ओटीपोटात एका बाजूला असतो आणि त्याची नळी जांघेजवळून पंपाकडे उतरते. हर्निया त्याच बाजूचा असेल तर टाका, सुई किंवा कॉटरी (डाग देऊन रक्त थांबवायचं उपकरण) नळीला लागून सगळं पाणी निघून जाऊ शकतं. नऊ वर्षांपूर्वीची ऑपरेशनची नोंद शोधा, त्यात बाजू लिहिलेली असते. नाहीच सापडली तर सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये फुगा दिसतो. हर्नियाच्या सर्जनना हे तारखेच्या आधी सांगा, आणि त्या दिवशी युरॉलॉजिस्ट हॉस्पिटलात असतील अशीच वेळ मागून घ्या.